क्षिप्राकाठची मत्स्यकन्या : मराठी प्रकाशकांस एक अनावृत पत्र

मराठी ग्रंथप्रकाशक आणि संपादक महोदयांस,

भैरवगढ, उज्जयिनी येथून.

शिंदेसरकारच्या लष्कराबरोबर आणि दप्तराबरोबर जी मराठी कुटुंबे माळव्यात आली आणि पुढे इथल्याच काळ्या मातीत मुरली, त्यांपैकी एका कुटुंबातला मी माणूस असल्यामुळे, माझे पत्र म्हणजे गतवैभवाची कैफियत किंवा एखाद्या मंडळाच्या वर्गणीचा तगादा असणार, असा आपला समज होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत पत्राचा मजकूर निराळा आहे. आमच्या घरांतील तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना एका विशिष्ट जातीचे पुस्तक मराठीत हवे आहे. ते त्यांना मिळत नाही. आणि ज्या सामग्रीतून ते घडावयाचे ती आमच्या गावाच्या वेशीपासून थोड्याच अंतरावर कित्येक शतके बेवारशी पडून आहे. ही वस्तुस्थिती आपल्या दप्तरी दाखल व्हावी आणि तिच्यावर काही हुकूम व्हावा, एवढ्यासाठी हा अर्ज.

त्या पुस्तकाची जात आधी सांगतो. इंग्रजीत हल्ली कुमारवयीन वाचकांकरिता जुन्या परीकथा नव्याने सांगणाऱ्या अद्भुतरम्य कादंबऱ्या विपुल निघतात, आणि त्यांतही मत्स्यकन्येची कथा लेखकांना व वाचकांना सारखीच प्रिय आहे. या कादंबऱ्यांत प्रणय असतो, विरह असतो, शाप, सौदे आणि पाण्याखालची राज्ये असतात. मात्र प्रणयाचे चित्रण मर्यादेत राहते, शयनगृहाचे दार लेखक उघडीत नाही, आणि ही मर्यादा पाळली असल्याचे पुस्तकाची ओळख करून देताना आवर्जून सांगितलेही जाते. आमच्याकडच्या नववी-दहावीच्या मुली ही जाडजूड पुस्तके परीक्षेच्या ऐन हंगामात उशाखाली दडवून वाचतात आणि मग विचारतात, असे काही मराठीत आहे का. घरातल्या कपाटाच्या खालच्या फळीवर राजाराणीच्या चिमुकल्या गोष्टी असतात, ज्या त्यांनी चौथीतच मागे टाकल्या. वरच्या फळीवर खांडेकरांची 'ययाति' असते, जी या वयात हाती द्यावी की न द्यावी यावर वडीलधाऱ्यांत एकमत होत नाही. आणि मधली फळी जवळजवळ रिकामी असते. साहित्य अकादमीने 2010 पासून बालसाहित्याला आणि 2011 पासून पस्तिशीच्या आतील लेखकांना स्वतंत्र पुरस्कार सुरू केले, त्यामुळे तरुण लेखकाची सोय झाली. तरुण वाचकाची अद्याप व्हावयाची आहे.

वस्तुतः मत्स्यकन्येची कथा नेमकी याच वयाची आहे. डेन्मार्कच्या हान्स क्रिस्तियन अँडरसनने ती 1837 साली प्रसिद्ध केली. फुके या जर्मन लेखकाची 'उंडीन' तिच्या आधीची, 1811 ची. तीत जलकन्येला मनुष्याशी विवाह झाला तरच आत्मा लाभतो. अँडरसनच्या सागरराजाच्या मुलींना पंधरा वर्षे पुरी झाल्यावरच पाण्याच्या पृष्ठभागावर येण्याची परवानगी मिळते. सर्वांत धाकटी आपली पाळी आल्यावर वर येते, वादळात फुटलेल्या जहाजावरील राजपुत्राला रात्रभर लाटांवर तोलून धरते, पहाटे किनाऱ्यावर आणून ठेवते आणि खडकाआड दडते. राजपुत्र शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्यासमोर वेगळीच मुलगी उभी असते, आणि आपले प्राण तिनेच वाचविले अशी त्याची समजूत होते. पुढे मत्स्यकन्या जिभेच्या मोबदल्यात पाय घेते, पावलागणिक सुरीच्या धारेवर चालल्याची वेदना सोसते, दरबारात सर्वांहून सुंदर नाचते. आणि ज्याच्यासाठी हे सारे केले तो तिला मोठ्या कौतुकाने आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर निजण्याची मुभा देतो. हा एवढा तपशील लिहून अँडरसन पुढे जातो, त्यावर भाष्य करीत नाही, आणि त्याच्या थोरवीचा मला तरी हा सर्वांत सबळ पुरावा वाटतो. कथेच्या शेवटी त्याचा संयम सुटतो. वायूची कन्या झालेल्या त्या मुलीला अमर आत्म्यासाठी तीनशे वर्षे वाट पाहावयाची असते, आणि पृथ्वीवरील प्रत्येक गुणी मुलामागे त्यांतले एक वर्ष कमी होते, वात्रट मुलासाठी गळलेल्या प्रत्येक आसवामागे एक दिवस वाढतो. एवढ्या उंचीवर गेलेली कथा अखेरीस पंतोजीच्या हाती छडी देऊन थांबते, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिस्नेच्या 1989 सालच्या चित्रपटाने ही छडी काढून घेतली खरी, पण तिच्याबरोबर पुष्कळ काही काढून घेतले. लग्न झाले, आवाज परत मिळाला, आणि सारे पाप समुद्रातल्या चेटकिणीच्या माथी गेले. मूळ कथेतील चेटकीण दुष्ट आहे असे मला कधीच वाटले नाही; ती व्यवहाराला चोख आहे, किंमत आधी सांगते, धोका आधी सांगते, तू करतेस हा मूर्खपणा आहे हेही सांगते, आणि मगच सौदा करते. त्या मुलीचे दुःख चेटकिणीने केलेले नव्हे, ते राजपुत्राला उपकारकर्ती ओळखता न आल्याने झाले आहे. अलीकडची पुष्कळ नवकथने मूळ कथेपेक्षा चित्रपटाचीच वाट चालतात, आणि मग खलनायिकेचा नाश व वधूवरांचा गजर यांपलीकडे सांगण्यासारखे त्यांच्यापाशी उरत नाही.

आता आमच्या वेशीवरच्या सामग्रीकडे वळतो. भैरवगढाची ख्याती बाहेरच्या माणसाला तीन गोष्टींनी असते : मद्याचा नैवेद्य घेणारा आणि महादजी शिंद्यांनी आपली पगडी वाहिल्याची कथा सांगितला जाणारा काळभैरव, छिप्यांची छापील वस्त्रे, आणि मध्यवर्ती तुरुंग. याच रस्त्याने उत्तरेस पुढे गेले की क्षिप्रेच्या पात्रातील बेटावर कालियादेहचा महाल लागतो. माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी, ज्याने 1500 ते 1511 या काळात मांडूच्या गादीवरून राज्य केले, त्याच्या अंगाचा दाह म्हणे कशानेही शमत नसे आणि तो सदैव पाण्यात राहू इच्छी. त्याकरिता नदीचा प्रवाह दगडी पन्हळींतून वळवावळवाने खेळवून कुंडांत सोडलेला हा जलमहाल त्याने सजविला. आज लोक त्या जागेला बावन कुंड म्हणतात. पावसाळा नुकताच सरलेला असताना गेल्यास त्या पन्हळींतून पाणी कसे फिरत असेल याची कल्पना येते. एरवी शेवाळलेले कट्टे, उतरत्या पायऱ्या, आणि 1920 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी केलेल्या दुरुस्तीच्या खुणा पाहून परत फिरावे लागते.

या नासिरुद्दीनाची एक हकीकत बादशहा जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. 1617 साली मांडूस जाताना जहांगीराचा मुक्काम याच कालियादेहला पडला होता. नासिरुद्दीन एकदा नशेच्या भरात इथल्या पाण्यात पडला आणि बुडू लागला, तेव्हा सेवेत असलेल्यांनी जिवाची पर्वा न करता त्याच्या केसांना धरून त्याला वर ओढले. शुद्धीवर आल्यावर त्याला ही गोष्ट कळविण्यात आली. आपल्या मस्तकाच्या केसांना हात लावला गेला हे ऐकून तो इतका संतापला की, वाचविणाऱ्यांचे हात तोडण्याचे त्याने फर्मान काढले. पुन्हा एकदा असाच प्रसंग आला, तेव्हा काठावर उभ्या असलेल्यांपैकी कोणीही पुढे होण्याचे धाडस केले नाही, आणि सुलतान बुडून मेला. तो तापाने मेला असे सांगणाऱ्या तवारिखाही आहेत, आणि दोहोंतील खरे कोणते याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. जहांगीराचा राग मात्र अस्सल होता. मांडूस पोहोचल्यावर, बापाला विष देणाऱ्या या माणसाची हाडे कबरीतून काढून त्याने नर्मदेत टाकविली.

महोदय, ही हकीकत अँडरसनच्या कथेशेजारी ठेवून पाहावी. तिकडे राजपुत्राला वाचविणारी ओळखू येत नाही, म्हणून तिचा घात होतो. इकडे वाचविणारे ओळखू येतात आणि त्याच अपराधाबद्दल त्यांचे हात जातात. तिकडे जीभ, इकडे हात. एखाद्या प्रतिभावान लेखिकेने त्या सेवकांच्या जागी कुंडात वास करणारी, सुलतानाच्या महालाची वळणे पाण्याखालून जाणणारी एक मुलगी कल्पावी, बुडणारा सुलतान न घेता त्याचा वयात आलेला एखादा कल्पित शहजादा घ्यावा, आणि ज्या घराण्यात प्राण वाचविणे हा गुन्हा ठरतो त्या घराण्याच्या मुलाने आपल्या उपकारकर्तीला ओळखणे किती महागात पडते हे लिहावे. कोपनहेगनच्या बंदरात 1913 पासून दगडावर बसलेल्या त्या काशाच्या पुतळीची उसनवारी करण्याचे आपल्याला मग प्रयोजन उरणार नाही.

त्या जागेला आवाजही आहे. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे जी चैत्र अमावास्या आणि आपल्या पंचांगाप्रमाणे जी फाल्गुनी, म्हणजे बरोबर गुढीपाडव्याच्या आदली, तिला इकडे भूतडी अमावास्या म्हणतात. त्या दिवशी माळव्याच्या खेड्यापाड्यांतून हजारो माणसे बावन कुंडावर लोटतात, आणि ज्यांना बाधा झाली असे घरच्यांना वाटते त्यांना कुंडात बुचकळ्या देववतात. त्यांत स्त्रिया पुष्कळ असतात. एरवी ज्यांचा शब्द उंबऱ्याबाहेर गेलेला नसतो अशा बाया त्या पाण्यात उभ्या राहून, केस मोकळे सोडून, सासरची नावे घेऊन मोठमोठ्याने बोलतात, रडतात, हसतात, आणि काठावरचे पुरुष हात जोडून ते ऐकून घेतात. या प्रथेचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. पण जिभेच्या बदल्यात पाय घेणाऱ्या मुलीची गोष्ट लिहू पाहणाऱ्याने ती अमावास्या एकदा पाहिलेली बरी. दुसऱ्या दिवशी आमच्या घरांवर गुढ्या उभ्या राहतात आणि कुंडावर कोणी नसते.

हे सारे भयानक व करुण झाले, यात सोज्वळ प्रणय कोठे, असे आपण विचाराल. त्याचाही दाखला उज्जयिनीचाच आहे. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने जी 'कादंबरी' लिहिली, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने जी पुरी केली, तिचा नायक चंद्रापीड हा उज्जयिनीच्या तारापीड राजाचा पुत्र. किन्नरांच्या एका जोडप्याचा पाठलाग करता करता तो वाट चुकतो, अच्छोद नावाच्या सरोवराकाठी येतो, तिथे तपस्विनी महाश्वेता त्याला भेटते, आणि तिच्यामुळे गंधर्वकन्या कादंबरीची भेट होते. मानवी राजपुत्र, मानवेतर कन्या, मधे एक जलाशय, शाप, मृत्यू, आणि पुनर्जन्म. कुमारवयीन अद्भुत प्रणयकथेला लागणारे एकही द्रव्य त्यात उणे नाही. चंद्रापीडाचे प्राण जातात तेव्हा कादंबरी त्याच्या न कोमेजणाऱ्या देहाची राखण करीत बसते, आणि अखेरीस तिच्या आलिंगनाने त्याला जीव येतो. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात शृंगार आहे, देहाचे भान आहे, लाजेचे तर इतके बारकावे आहेत की हल्लीच्या कोणत्याही लेखकाने शिष्यत्व पत्करावे. आणि तरीही तो ग्रंथ कोणा आईने मुलीच्या हातून काढून घ्यावा असा नाही. बाणाचे समास मात्र आमच्या मुलींना पेलणार नाहीत, हे मी कबूल करतो. ते आम्हालाही पेलत नसत.

कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'त तर अँडरसनच्या नेमकी उलट बाजू आहे. उर्वशी स्वर्गातल्या नाटकात लक्ष्मीची भूमिका करीत असताना पुरुषोत्तमाच्या जागी तिच्या तोंडून पुरूरव्याचे नाव जाते, भरतमुनी शाप देतात, आणि त्या शापानेच ती पृथ्वीवर येते. म्हणजे इथे जीभ गमावून नव्हे, जीभ घसरून प्रियकर मिळतो. मत्स्यगंधेविषयी मी अधिक लिहीत नाही, कारण वसंत कानेटकरांच्या 1964 च्या नाटकाने आणि अभिषेकीबुवांच्या संगीताने ती मराठी मनात पक्की बसलेली आहे. फक्त एवढे सुचवितो की, पराशराला अटी घालणारी, स्वतःच्या शब्दाची किंमत जाणणारी ती नाव वल्हविणारी पोर कुमारांसाठी सांगताना तिच्या अटी गाळू नयेत. जाता जाता, नवनाथांच्या पोथीत ज्या उपरिचर वसूपासून माशाच्या पोटी मच्छिंद्रनाथ जन्मले तोच वसू महाभारतात मत्स्यगंधेचाही जनक आहे. आणि मच्छिंद्रनाथांची म्हणून दाखविली जाणारी समाधी आमच्या भर्तृहरीच्या गुंफांजवळच, क्षिप्रेच्या काठी आहे. तेव्हा मत्स्यकन्येच्या सख्ख्या नात्यातले माणूस या नदीवर आधीच वस्तीस आहे.

हे परदेशी खूळ आहे, मराठी वाचकाला वास्तवच हवे, असे म्हणणारे परीक्षक आपल्या पदरी असतील. त्यांना कृपा करून आठवण द्यावी की 1861 ची 'मुक्तामाला' आणि 1868 ची 'मंजुघोषा' या अद्भुतरम्यच होत्या, आणि मराठी कादंबरीला पहिला मोठा वाचकवर्ग अशाच पुस्तकांनी मिळवून दिला. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' लिहून तो सारा बाजार उठविला, हे योग्यच झाले. पण हरिभाऊंनी लिहिली ती कहाणीसुद्धा एका कोवळ्या मुलीच्याच मनाची होती. रत्नाकर मतकरींनी 1959 साली 'मधुमंजिरी' हे बालनाट्य लिहिले आणि सुधा करमरकरांनी ते रंगभूमीवर आणले, तेव्हा रॅपुन्झेलची जर्मन कथा मराठी होण्यास कोणाचीही हरकत आली नाही. ती बालके मोठी होऊन आज आजीआजोबा झाली. त्यांच्या नातवंडांपैकी जी चौदाव्या वर्षी पोहोचली, त्यांच्यासाठी पुढचा अंक कोणी लिहिलाच नाही.

सोज्वळ या शब्दाचा मात्र आपल्याकडे फार दुरुपयोग झाला आहे, म्हणून माझ्या मागणीत त्याचा अर्थ काय तो नमूद करून ठेवतो. नायक-नायिकांनी एकमेकांना स्पर्श करू नये एवढ्याने पुस्तक सोज्वळ होत नाही. स्पर्श न करता एका मुलीचा आवाज, घर, बहिणी आणि पाणी तिच्याकडून काढून घेऊन त्याला प्रेम म्हणणारे पुस्तक माझ्या लेखी अत्यंत असोज्वळ आहे. अँडरसनच्या कथेत मत्स्यकन्येच्या बहिणी तिला परत मिळविण्यासाठी आपले केस कापून चेटकिणीला देतात. राजपुत्राने काय दिले, हा प्रश्न प्रत्येक नव्या कथनाने विचारला पाहिजे. चुंबन कोणत्या प्रकरणात यावे हा संपादकाचा विषय आहे, त्यावर मी हुज्जत घालणार नाही.

आमच्या मोहल्ल्यातले छिपे बाटिकचे कापड करतात तेव्हा, कापडाचा जो भाग मूळ रंगाचा राहावयाचा त्यावर ते आधी वितळलेले मेण लावतात, मग कापड थंड रंगात बुडवितात, कारण रंग ऊन असला तर मेण सुटते. पुन्हा मेण, पुन्हा आणखी गडद रंग, आणि शेवटी उकळत्या पाण्यात सारे मेण काढून टाकतात. मेणाला जिथे तडे गेलेले असतात तिथून रंग आत शिरून केसासारख्या रेषा उमटतात, आणि जाणते गिऱ्हाईक नेमक्या त्या रेषा पाहूनच माल घेते. जुनी कथा नव्याने सांगणाऱ्यानेही मेण कोठे लावावयाचे हे आधी ठरविले पाहिजे. माझ्या मते ते तीन जागी लागावे : वाचविणारी ओळखू न येणे, चालताना होणारी वेदना, आणि सौद्याची चोख किंमत. बाकीचे कापड खुशाल क्षिप्रेच्या, गोदावरीच्या किंवा मालवणच्या खाडीच्या रंगात बुडवावे.

आता प्रत्यक्ष विनंती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी वाचकाचे वर्ष दिवाळीपासून सुरू होते. तेव्हा आपापल्या दिवाळी अंकांत निदान एक संपूर्ण कुमार-कादंबरी छापण्याचा शिरस्ता पाडावा, आणि ती बालविभागाच्या रंगीत पानांत न कोंबता मोठ्यांच्या मजकुराच्या बरोबरीने, त्याच टायपात छापावी. शेवटी तात्पर्य देऊ नये. इंदूर, देवास, ग्वाल्हेर आणि उज्जयिनीकडील मुले घरात मराठी बोलतात, शाळेत हिंदी व इंग्रजी शिकतात. लिपी त्यांना येते, पण पाठ्यपुस्तकी मराठी त्यांना परकी वाटते, म्हणून भाषा बोलती असावी. (मी स्वतः जी भाषा या पत्रात लिहितो आहे ती नमुना म्हणून घेऊ नये.) किंमत एवढी असावी की मुलीला ते पुस्तक वडिलांकडे पैसे न मागता, खाऊच्या पैशांतून घेता येईल. आणि हस्तलिखिते मागविताना जाहिरातीत महाराष्ट्राबाहेरील लेखकांचा स्पष्ट उल्लेख असावा. लिहू शकतील अशा तरुण मुली इकडे आहेत, पण आपल्याला कोणी विचारील असे त्यांना वाटत नाही.

ज्या लेखिकेला वा लेखकाला कालियादेह पाहावयाचा असेल त्यांनी आश्विनात यावे, किंवा जिवाचा धडा होत असेल तर पाडव्याच्या आदल्या दिवशी. दाखविण्याचे काम माझ्याकडे लागले. छापण्याचे आपण पत्करावे आणि तशी जाहिरात येत्या दिवाळीपूर्वी द्यावी, ही आग्रहाची विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
भैरवगढचा एक मराठी वाचक